घराचा ठोका

शिरखोलच्या किनाऱ्यावर प्रत्येक घराचा एक ठोका आहे. कुबलांचा वेगळा, मेतरांचा वेगळा, खवणेकरांचा वेगळा. धुकं दाटलं की समुद्रात माणसाला माणूस दिसत नाही, हाक मारावी तर वारा ती कुठल्या कुठे घेऊन जातो. पण होडीच्या फळीवर वल्ह्याने मारलेला ठोका पाण्याला धरून चालतो. शेजारच्या होडीतला माणूस फळीला कान लावतो आणि त्याला कळतं, अमक्या घराला हाक आली आहे. मग त्या घराने दोन ठोके परत द्यायचे. दोन ठोके म्हणजे ‘आसंव’. आहोत. तीनदा हाक देऊनही ते दोन आले नाहीत, तर होडी बुडाली असं समजून सगळ्यांनी जाळी टाकून धावायचं. बायका जात्यावर म्हणायच्या,

धुक्यात गेली होडी, ठोका पडे फळीवरी
दोन आले परतुनी, दिवा लागे माझ्या घरी

गुणाजी मेतर समुद्रातल्या तेलविहिरींवर गेला आणि हे सगळं विसरला, असं गावात म्हणत. तो विसरला नव्हता. लाकडावरचा ठोका त्याने पोलादावर नेला होता, एवढंच.

एकतीस वर्षं त्याने रिगवर काढली होती. आता तो ड्रिलर होता. म्हणजे विहिरीत नळ्यांची ती मैलभर लांबीची माळ खालीवर करणारा हात त्याचा. त्याच्यावरचा अधिकारी, सगळ्या रिगचा मुकादम म्हणावा असा टूलपुशर, होता भालचंद्र खवणेकर. दोघे एकाच होडीत वाढले. भालचंद्राच्या बापाच्या होडीत. गुणाजीचा बाप लवकर गेला, तेव्हा त्या माणसाने त्याचा हात आपल्या हातात धरून फळीवर ठोके शिकवले होते, आणि पहिला शिकवला तो खवणेकरांचा. ‘आमका हाक मारूक शिक आधी,’ म्हणाला होता, ‘मगे उपाशी रवाचस नाय.’

रिगवर एवढा गोंगाट असतो की कानाचा काही उपयोग नाही. बोलायला टॉकबॅक असतो, म्हणजे नळ्या ओढायच्या मनोऱ्याच्या, डेरिकच्या, पायाला बोल्टने आवळलेला भोंगा. पण तो कोणीतरी अडवून बसलेला असला, की गुणाजी हातातल्या पान्याने मनोऱ्याच्या पायावर ठोके द्यायचा आणि नव्वद फुटांवर, नळ्या रचायच्या फळीवर उभ्या असलेल्या दिगंबर कुबलाच्या तळहाताला ते कळायचे. दिगूला रिगवर आणला होता गुणाजीनेच. त्याच्या उजव्या हाताचं एक बोट दोर गुंडाळायच्या विंचमध्ये गेलेलं, म्हणून त्याचा दुसरा ठोका नेहमी जरा रेंगाळायचा. टक्… टक्. सुरक्षेच्या नियमपुस्तकात ठोक्यांना जागा नव्हती. पाना आपटणं मना होतं. पण नियमपुस्तक लिहिणारा कधी धुक्यात अडकला नव्हता.

मग दोन वर्षांपूर्वीचा तो दिवस आला. हिरण्या नावाच्या क्षेत्रातली चौथी विहीर. नळ्या वर काढत असताना गुणाजीला विहिरीची चाल बदललेली वाटली. नळ्या निघत होत्या तेवढा, त्यांची जागा भरायला सोडलेला जड चिखल आत जात नव्हता. खालून काहीतरी जागा धरून वर येत होतं. काम थांबवून विहिरीचं तोंड बंद करू या, असं तो म्हणाला. विहिरीची मालक होती नीलरेखा एनर्जी; तिचा रिगवरचा माणूस भसीन टॉकबॅकचं बटण धरून ‘चालू ठेवा, आधीच चार दिवस मागे आहोत’ म्हणत राहिला. बटण त्याच्या हातात, म्हणून गुणाजीने पाना उचलला. त्याने दिगूला खाली बोलावलं. दिगू आला नाही. शेवटी गुणाजीने कोणाला न विचारता विहीर बंद केली. एक्क्याऐंशी माणसं वाचली. वायूचा पहिला झोत मात्र तोवर मनोऱ्यातून वर गेला होता, आणि वर दिगू होता.

दिगू का आला नाही, हे गुणाजीला कळलं नाही. दोन वर्षं तो त्याच प्रश्नाशी झोपत होता आणि त्याच्याशीच उठत होता.

गावाने त्याला काही म्हटलं नाही. शिरखोलला अजून रापण लागते. जाळं समुद्रात गोल सोडून दोन्ही टोकांचे दोर सगळ्या गावाने किनाऱ्यावरून ओढायचे. गुणाजी सुट्टीवर आला की दोराला हात लावायचा, आणि त्याने हात लावला की दिगूची बायको वैजयंती दोर सोडून द्यायची. भांडण नाही, शिवी नाही. हात पुसायचे, आणि वाळूतून घराकडे चालू लागायचं. त्याने माझ्या माणसाला वेळेवर खाली बोलावलं नाही, एवढंच तिला माहीत होतं, कारण टॉकबॅकच्या नोंदीत गुणाजीची हाक नव्हती.

*

इकडे दोन कंपन्यांचं भांडण लवादापुढे गेलं. रिगची मालक जलदुर्ग ड्रिलिंग म्हणे, दोष नीलरेखाचा, तिच्या माणसाने काम थांबवू दिलं नाही. नीलरेखा म्हणे, दोष जलदुर्गाच्या हातांचा. विहीर गेली, रिग सात महिने निकामी उभी राहिली, त्याचा भार करारातल्या कोणत्या कलमाखाली कोणी उचलायचा, हा खरा वाद. असे वाद कोर्टात जात नाहीत; दोघांनी एकेक पंच निवडायचा, त्या दोन पंचांनी तिसरा, आणि बंद दाराआड काय ते ठरवायचं. गुणाजी ना वादी होता, ना प्रतिवादी. तो जलदुर्गाचा साक्षीदार होता.

त्याची लेखी साक्ष तयार करायला भालचंद्र स्वतः गावी आला. पडवीत बसून त्याने दोन कप चहा घेतला, गुणाजीच्या बायकोकडे तिच्या संधिवाताची चौकशी केली, आणि कागद वाचता वाचता एका ओळीवर बोट ठेवलं.

“ह्या ठोक्याचा काढून टाक, गुण्या.”

“कित्या? मी मारलंय ते.”

“मारलंस. पण ता नियमाबाहेरचा. त्येंचो वकील विचारतलो, टॉकबॅक सोडून पाना कित्या आपटलास? तुझीच साक्ष तुझ्या गळ्यात येतली. मी आसंय ना.”

‘मी आसंय ना’ हे शब्द गुणाजीने त्या तोंडून चाळीस वर्षं ऐकले होते आणि एकदाही ते खोटे पडले नव्हते. त्याने ती ओळ खोडली.

आणि मग काचेची तार बोलू लागली.

आताच्या प्रत्येक विहिरीत, पोलादी नळीच्या बाहेरून, सिमेंटमध्ये चिणलेली केसासारखी एक काचेची तार तळापर्यंत सोडलेली असते. तिच्यातून सेकंदाला हजारो वेळा प्रकाशाची ठिणगी सोडतात. काच जिथे किंचित जरी थरथरली, तिथून परतणाऱ्या प्रकाशाची लय ढळते. ती किती ढळली यावरून कुठे काय हललं ते कळतं. तार घातलेली असते खडकासाठी. कुठे वायू शिरतोय, कुठे सिमेंटला चीर गेली, ते ऐकायला. पण तीच पोलादी नळी वर रिगच्या मजल्यापर्यंत आलेली असते. मजल्यावरचं प्रत्येक पाऊल, प्रत्येक आपट तिला हलवत असते. आजवर ते सगळं कचरा म्हणून बाजूला काढत आणि करारात लिहिलं आहे म्हणून साठवून ठेवत.

डॉ. नसीम परकार या दाभोळच्या मुलीने तो कचरा वाचायची रीत काढली. देवळातल्या घंटेला कशानेही मारा, ती आपल्याच सुरात वाजते. मारणारं बोट होतं की काठी, ते त्या सुरात बुडून जातं. रिगही तशीच एक घंटा. नसीमने महिनाभर त्या निकामी रिगवर फिरून बाराशे ठिकाणी लहान हातोडीने टोले मारले, कुठल्या टोल्याला पोलाद कसं गातं ते यंत्राला शिकवलं, आणि मग जुन्या नोंदीतून पोलादाचं गाणं सोलून काढलं. खाली उरला तो नुसता टोला. हवेतलं बोलणं त्यात अस्पष्ट येई. पण जे पोलादाला बोल्टने आवळलेलं होतं, त्यातून निघालेला शब्द न् शब्द लख्ख. अशा साक्षीचा हा देशातला पहिलाच लवाद. दोन्ही बाजूंनी ती मान्य केली, कारण ती आपल्याच बाजूने बोलेल अशी दोघांचीही खात्री होती.

*

फोर्टातल्या एका इमारतीच्या एकोणिसाव्या मजल्यावर सुनावणी होती. मध्ये बसल्या होत्या निवृत्त न्यायमूर्ती अनसूया वागळे. आत येणाऱ्या प्रत्येकाने आधी एका कागदावर सही केली होती, की इथे ऐकलेलं तोंडी, लेखी वा कोणत्याही यंत्राने बाहेर नेणार नाही. गुणाजीनेही केली. शेजारी भालचंद्र होता. एसीच्या गारठ्यात त्याने आपला कोट काढून गुणाजीच्या खांद्यावर टाकला होता.

नसीमने नोंद लावली. आधी यंत्रांची घरघर, मग ती सोलली गेली, आणि खोलीत भसीनचा आवाज आला. स्पष्ट. चालू ठेवा, चालू ठेवा. नीलरेखाचा वकील पाण्याच्या ग्लासाकडे बघू लागला. जलदुर्गाच्या बाजूला खुर्च्या जरा सैल झाल्या.

मग मागून ठोके आले.

“हा भाग आम्हाला कळला नाही,” नसीम म्हणाली. “मनोऱ्याच्या पायावर काहीतरी आपटतं आहे. आम्ही सैल झालेला भाग अशी नोंद केली आहे.”

गुणाजी उभा राहिला होता. कधी राहिला ते त्याचं त्यालाच कळलं नव्हतं. जलदुर्गाच्याच वकिलाने त्याला बसायची खूण केली, पण वागळेबाईंनी हात वर केला.

“सैल भाग नाय तो,” गुणाजी म्हणाला. “मी आहे. हा कुबलांच्या घराचा ठोका. आणि पुढचे चार, ते ‘सकल ये’. म्हणजे खाली ये. बघा, तीनदा.”

बाईंनी त्याला टेबलावर वाजवून दाखवायला सांगितलं. त्याने बोटाच्या पेरांनी वाजवलं. नसीमने नोंद पुन्हा लावली. खोलीतल्या सगळ्यांनी दोन्ही ऐकलं, आणि कोणाला काही समजवावं लागलं नाही.

“उत्तर येतं का त्याला?” बाईंनी विचारलं.

नसीमने नोंद पुढे नेली. नव्वद फुटांवरून, पोलादातून, दोन वर्षांच्या पलीकडून ते आलं. टक्… टक्. दुसरा रेंगाळलेला.

गुणाजीने डोळे मिटले. दिगूने ऐकलं होतं; उत्तर आलं तेव्हा गुणाजीचा हात पोलादावरून विहिरीच्या कळांकडे गेलेला होता. दिगू निघाला होता. आता त्याला ते कळणार होतं जे दोन वर्षं कळलं नव्हतं.

भोंगा खरखरला. भसीनचा आवाज नव्हता तो. वर दिगूच्या फळीपाशीही तसाच आवळलेला एक भोंगा होता; त्यावर रिगच्या ऑफिसातून थेट बोलता येई, ते खाली गोंगाटात ऐकू येत नसे आणि टॉकबॅकच्या नोंदीतही जात नसे.

“दिगू, खय चललस? वरच रव. येवढो नळयांचो एक स्टँड काढून घे आणि मगे सकल ये. गुण्याचा काय ऐकतस, तो भियाता.”

मग पुन्हा वरून ठोके. दोन नाहीत, एकच. एक म्हणजे विचारणं. बोलणारा रिगचा मोठा, आणि खालून बोलावणारा त्याला इथे आणणारा. दिगू विचारत होता, ऐकू कोणाचं? त्यानंतर नोंदीत नुसती वाफ सुटल्यासारखी शिट्टी होती, आणि नसीमने ती लगेच बंद केली.

खोलीत मालवणी समजणारी माणसं तिघंच होती. दुभाष्याने सावकाश भाषांतर केलं. त्याची गरज फक्त परक्यांना होती. गुणाजीने खांद्यावरचा कोट काढला, नीट घडी घातली आणि शेजारच्या खुर्चीवर ठेवला.

*

जेवणाची सुट्टी लांबली. दोन वर्षं ज्यांनी एकमेकांच्या पत्रांना वकिलांमार्फतच उत्तरं दिली होती, ते दोन्ही कंपन्यांचे साहेब एका लहान खोलीत गेले आणि दीड तासाने एकत्र बाहेर आले. नोंद एकाच्या माणसाला अडकवत होती, तशीच दुसऱ्याच्याही. ती निवाड्यात उमटली तर दोघेही बुडणार होते. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ होतो म्हणतात. दोघांच्या दिलजमाईत तिसऱ्याचं काय होतं, ते कोणी सांगत नाही.

उभयपक्षी मान्य मसुदा वाचला गेला. वाद मिटला आहे. दोष ना नीलरेखाच्या नियोजनाचा, ना जलदुर्गाच्या व्यवस्थेचा. डेरिकवरील कामगारास खाली बोलावण्यात ड्रिलरकडून झालेला विलंब, हे दुर्घटनेचं कारण उभय पक्षांस मान्य आहे. ध्वनिनोंदी व त्यांच्या सर्व प्रती नष्ट कराव्यात.

“मला मान्य नाय,” गुणाजी म्हणाला.

न्यायमूर्ती वागळेंनी मसुदा खाली ठेवला. “तुम्ही पक्षकार नाही, मेतर. साक्षीदार आहात. मी हे वाक्य गाळायला सांगितलं. दोन्ही पक्षांनी नकार दिला. लवाद त्यांनी बोलावलेला असतो. त्यांनीच उठवला की आमच्या हाती काही उरत नाही.”

“तुम्ही ऐकलंत ना पण?”

“ऐकलं,” त्या म्हणाल्या. त्यांनी पेन उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. मग सही केली, पण तिच्या वर स्वतःच्या हाताने लिहिलं की या वाक्याला लवादाची संमती नाही, पक्षकारांची आहे. ते वाचायला कोणी येणार नव्हतं.

लिफ्टपाशी भालचंद्र एकटा उभा होता. गुणाजी त्याच्यापासून दोन हातांवर थांबला. पहिल्यांदा बोलला तो भालचंद्रच, आणि खालच्या आवाजात, आजाऱ्याशी बोलावं तसा. म्हणाला, भसीनने ऑफिसात येऊन तंबी दिली होती, की आज काम थांबलं तर पुढचं कंत्राट विसरा. म्हणाला, जलदुर्गात आपल्या गावची बावीस माणसं आहेत, बावीस चुली. एका नळीचा प्रश्न होता. एका मिनिटाचा.

“ठोक्याची ओळ खोडूक लावलस,” गुणाजी म्हणाला, “ती माझ्यासाठी नाय.”

भालचंद्राने लिफ्टचं बटण पुन्हा दाबलं. लिफ्टचे आकडे वर येत होते.

“माका दोन वरसां वाटत होता, की मी हळू मारलंय. पोराक ऐकूक गेला नसात.” गुणाजी एक पाऊल पुढे आला. “तुका ठावक होता, भाल्या. माझ्या घरात बसान चाय पिलस.”

“तू सोसतलस,” भालचंद्र म्हणाला, “ह्या माका ठावक होता. दुसरो कोण सोसतलो?”

लिफ्ट आली. गुणाजी जिन्याने उतरला. एकोणीस मजले.

*

मार्गशीर्षातली सकाळ होती. समुद्र तेलासारखा संथ, क्षितिजावर पवनचक्क्यांची रांग आणि त्यांच्या मागे शेवटच्या दोन-तीन रिग. शिरखोलला रापण लागली होती. भालचंद्रही आला होता. त्याने रापणीला नवा दोर घेऊन दिला होता, त्यामुळे त्याच्या टोकाला आज हसणंबोलणं जरा जास्त होतं. निवाड्यातलं ते वाक्य तेवढं गावात पोचलं होतं. वाक्यांना पाय असतात, त्यांच्या मागच्या आवाजांना नसतात.

गुणाजीने दुसऱ्या टोकाच्या दोराला हात लावला. चार माणसं पुढे वैजयंती होती. तिने मागे बघितलं, दोर सोडला आणि हात पदराला पुसले.

या वेळी गुणाजीनेही दोर सोडला.

किनाऱ्यावर खवणेकरांची जुनी होडी उपडी पडलेली होती. भालचंद्राच्या बापाची. तिच्यातून आता कोणी जात नसे. मुलं घसरगुंडी करत. गुणाजी तिच्यापाशी गेला, वाळूतून एक मोडकं वल्हं उचललं, आणि फळीवर कुबलांच्या घराचा ठोका दिला.

वैजयंती जागच्या जागी थांबली. दोन वर्षांत त्या घराला कोणी हाक मारली नव्हती.

त्याने ‘सकल ये’ वाजवलं. एकदा. मग दुसऱ्यांदा, जोराने. तिसऱ्यांदा असं, की वल्ह्याचा तुकडा उडाला. यंत्राने ऐकवलं होतं तस्संच, तेवढ्याच घाईने. मग तो थांबला, आणि हलक्या हाताने दोन ठोके दिले. टक्… टक्. दुसरा रेंगाळलेला.

त्या रेंगाळण्याची नक्कल कोणाला सुचली नसती. तो हात तिने सहा वर्षं आपल्या घराच्या दारावर ऐकला होता. वैजयंती वाळूतून चालत त्याच्यासमोर आली. दोर ओढणाऱ्यांचे हात मंदावले.

“तेणी ऐकलेलान?” तिने विचारलं.

गुणाजीने होकाराची मान हलवली.

“मगे तेका वर कोणी ठेवल्यान?”

सही केलेला हात त्याने एकदा बघितला. मग फळीला टेकला. आयुष्यात पहिला शिकलेला ठोका, तो विसरणं शक्य नव्हतं. त्याने खवणेकरांचा ठोका दिला.

शंभर पावलांवर नव्या दोराच्या टोकाशी भालचंद्र ताठ झाला. त्याच्या घराला हाक आली होती, सगळ्या गावासमोर, त्याच्याच बापाच्या होडीवरून. उत्तर द्यायला फार काही लागत नाही. बाजूच्या बादलीवर दोनदा बोट मारलं तरी पुरतं. दोन्ही दोरांवरची माणसं त्याच्याकडे बघत उभी होती.

गुणाजीने दुसऱ्यांदा हाक दिली.

भालचंद्राने दोर धरला होता तसाच धरून ठेवला. त्याची नजर पाण्यावर होती, दूर, जिथे जाळ्याचे तरंगते गोळे एकेक करून किनाऱ्याकडे सरकत होते.

तिसऱ्यांदा गुणाजीने ठोका इतका हळू दिला, की तो हाक कमी आणि विनवणी जास्त वाटला. लाटेने येऊन वाळू भिजवली आणि ती परत गेली.

“बुडली,” वैजयंती म्हणाली.

तिने ते कोणाला उद्देशून म्हटलं नाही. ती वळली, आपल्या टोकाकडे गेली, आणि दोराला हात घातला. तिने मागे वळून गुणाजीकडे बघितलं आणि जराशी पुढे सरकली, आपल्या मागे एका माणसाची जागा व्हावी म्हणून. एकेक करून सगळ्यांनी पुन्हा ओढायला सुरुवात केली. नव्या दोराशी मात्र भालचंद्राच्या पुढचे मागचे एकेक करून इकडे येत होते.

गुणाजीला बोलावणं आलं होतं, हे त्याला दिसत होतं. तरी तो क्षणभर तिथेच वाकून राहिला. त्याचा तळहात अजून त्या म्हाताऱ्या फळीवर होता, दोन ठोक्यांची वाट बघत.